घाव घातला का वर पाय

चांद्याच्या खाणीवर चेंडू हरवायसाठी एक अख्खं मैदान राखून ठेवलं होतं. मी ते पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा माही वाचाच बसली. आमच्या कुरखेड्याकडं धानाच्या बित्ताभर बांधीसाठी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, आन् इथी एवढ्या मोठ्या जमिनीत धान नाई, जवस नाई, ढोरं चारायचीही बंदी. चार शहाणे लोक भर उन्हात एक बारकासा पांढरा चेंडू काठीनं मारत, त्याच्या मागं चालत जात, आन् सापडला का पुन्हा मारत. अरे, सापडला होता नं बाप्पा, मंग ठेव खिशात आन् जा घरी. पण नाई. त्याले गोल्फ म्हणत.

मी तेव्हा खाणीच्या मॅनेजरसाहेबाच्या बंगल्यावर रांधायले होती. माहा नवरा खाणीत उतरे. आमचा चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होता. गोरा साहेब विलायतेले गेला आन् त्याच्या जागी गद्रे साहेब आले, पुण्याकडचे. बंगला, बगीचा, कुत्रा आन् हे गोल्फाचं खूळ, सारं त्यांना आयतंच भेटलं. माणूस वाईट नव्हता, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली का मंग बायको बोलली तरी ऐकू येत नसे. बाईसाहेब चांगल्या होत्या, फक्त माह्या बोलण्याले हसत. म्हणत, "आशाबाई, बाईमाणूस असून 'जातो', 'येतो' काय म्हणता?" मी म्हणे, आमच्याकडं साऱ्याच बाया असंच बोलतात, आन् तरी आमाले लेकरं होतात. मंग त्या जास्तच हसत.

सांगायचं आहे ते माह्या लहान बहिणीच्या नवऱ्याचं. त्याचं नाव दसरू. दसऱ्याले झाला म्हणून दसरू, दुसरं काई कारण नाई. काळासावळा, लुकडा, बोलणं कमी, पण हात असे का कुऱ्हाड हातात घेतली का ती त्याच्या अंगालेच फुटली आहे असं वाटे. थंडीत ठेकेदार सरकारकडून जंगलाचा एकेक तुकडा लिलावात घेत, त्याले कूप म्हणत, आन् दसरू तिथी झाडं तोडायले जाये. त्याचा जोडीदार म्हणजे माहा धाकटा भाऊ, झिंगू. भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, आन् भाटवा-साळ्याची अशी जोडी मी दुसरी पाह्यली नाई. एकाची बिडी दुसरा पेटवे.

झाड तोडायची जोडीची एक रीत असते, ती सांगून ठेवतो. दोघं झाडाच्या दोन अंगाले उभे राहतात. एकानं घाव घातला का त्यानं लगेच वर पाह्याचं, आन् तेवढ्यात दुसऱ्यानं घाव घालायचा. म्हणजे एकाची नजर खाली तं दुसऱ्याची वर. झाड पडते तेव्हा कोणी मरत नाई, सारे आधीच बाजूले होतात. माणूस मरते ते वाळल्या खांदीनं, म्हणजे फांदीनं. घावाच्या दणक्यानं ती वरून सुटते, आन् येताना सांगून येत नाई. घाव घालणाऱ्याले ती दिसूच शकत नाई, समोरच्यालेच दिसते. म्हणून दसरूचा बाप त्याले लहानपणापासून एकच गोष्ट सांगे, "घाव घातला का वर पाय." पाय म्हणजे पाहा. आमच्या झाडीपट्टीत असंच म्हणतात.

आन् तोच बाप एका थंडीत वाळल्या खांदीखाली गेला. त्याच्या जोडीदारानं तेवढ्यात तंबाखू मळायले मान खाली घातली होती. म्हाताऱ्याले घरी आणलं तेव्हा वच्छलानं, माह्या बहिणीनं, त्याच्या डोक्यावरचं फडकं उचलून पाह्यलं. कोणं सांगतलं होतं तिले पाह्यले? त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला का दसरू कूपात जाणार नाई. अन्न सोडलं तिनं, दसरूनं कूपात न जायची शपथ घेतली तेव्हाच जेवली. मंग मीच निरोप धाडला का या इकडं, खाणीवर काई ना काई काम भेटते. दोघं वडशाहून छोट्या लाइनच्या गाडीत बसून चांद्याले आले. साहेबाले सांगून मी दसरूले मैदानावर झुडपं तोडायले लावलं. रोजी होती, पक्कं काई नाई. साहेबाच्या मनात आलं तं आज आहे, उद्या नाई.

मंग ते झालं. एक दिवस साहेबाचा चेंडू तरोट्याच्या झुडपाखाली अडकला. तिथीच दसरू विळा घेऊन बसला होता. साहेबाले गंमत सुचली. त्यानं काठी दसरूच्या हातात दिली आन् म्हणाला, मार बघू. दसरूनं तळहातावर थुंकी टाकली आन् कुऱ्हाड घालावी तशी काठी घातली. चेंडू पळसांच्या वरून, नाल्याच्या वरून गेला, आन् पार तिकडं कोळशाच्या डब्यावर जाऊन ठण्णकन वाजला. साहेबाच्या तोंडातली सिगारेट खाली पडली. मी बंगल्याच्या वसरीतून पाहत होती. मले वाटलं, गेली याची रोजी, आता चेंडू भरून द्या लागते.

पण साहेबाले तं येड लागलं. दरवर्षी थंडीत दुसऱ्या एका खाणीचे साहेब इथी खेळायले येत, आन् दरवर्षी आमचे साहेब हारत. त्या खेळात खाणीतले पक्के नोकरच उतरू शकत. साहेबानं दसरूले बोलावून सांगतलं का डिसेंबरपर्यंत सरळ मारायले शीक, म्हणजे तुला मैदानाचा मुकादम म्हणून पक्कं करतो, राहायला खोली देतो. वच्छलानं हे ऐकलं आन् महाकालीले नारळ बोलून आली. तिले मुकादमकीचं काई नव्हतं. तिले एवढंच कळलं का दसरू पक्का झाला तं कूप कायमचं सुटलं.

आता अडचण सांगतो. दसरूचा एखादा चेंडू आभाळात जाये, पण बाकीच्या खेपेले काठी चेंडूच्या टाळूवर लागे, आन् चेंडू बेडकासारखा दोन उड्या मारून गवतात बसे. साहेब रोज संध्याकाळी त्याच्यामागं उभे राहत आन् डोकं खाजवत. शेवटी त्यांनी दसरूलेच विचारलं का तू मारताना नेमकं काय करतोस. दसरू बिचारा खरं तेच बोलला. म्हणाला, "बापानं शिकोलं साहेब. घाव घातला का वर पाय."

साहेब एकदम खूश. त्यांना वाटलं, चूक घावली. याचे पाय वर उचलतात.

लहान बहिणीचा नवरा आमच्याकडं जवाईच, तं मंग माह्या जवायाच्या पायाचे जे हाल झाले ते काय सांगू. पहिले त्याच्या वहाणा काढल्या. मंग पाय चिखलात रोवून उभं केलं. मंग दोन्ही पायांवर एकेक वीट. विटा पडल्या तं फरशीचे तुकडे. दसरू निमूट उभा राहे, काठी घाले, आन् चेंडू पुन्हा बेडूक. साहेब वाकून वाकून त्याचे पाय पाहत आन् म्हणत, पाय तर हलत नाहीत रे. दसरू म्हणे, नाई साहेब, पाय काऊन हालतीन. मी वसरीतून पाहून राह्यली होती आन् मले काई उमजत नव्हतं. मले वाटलं, हीच पुण्याची रीत असंन.

एक दिवस मैदानाच्या कडेच्या कवठाखाली साहेब उभे होते. वर वानरं होती. दसरूनं मारलं, सवयीनं वर पाह्यलं, आन् ओरडला, "साहेब, वर पाय!" साहेबाले वाटलं खाली साप आहे. त्यांनी एक पाय असा उचलला का गुडघा छातीले लागला, आन् वरून वानराच्या हातून सुटलेलं कवठ टोपीवर बसलं. टोपी जाड होती म्हणून वाचले. बाईसाहेबांनी डोक्याले पाण्याची पट्टी ठेवली, आन् मले विचारलं का हा 'वर पाय' काय प्रकार आहे. मी सांगतलं तं त्या हसून हसून खुर्चीतून खाली आल्या. साहेब मात्र हसले नाई. पट्टी धरूनच उठून बसले आन् म्हणाले, "म्हणजे मान. तो मान वर करतो."

तेव्हा कुठी कळलं का रोग कुठी आहे. पण रोग कळला म्हणून तो जाते थोडाच. जित्याची खोड मेल्याबिगर जात नाई म्हणतात, आन् ही तं बापानं रक्तात घातलेली खोड. साहेब म्हणत, मारल्यावरही चेंडूच्या जागेकडेच बघत राहा. दसरू हो म्हणे, काठी उचले, आन् घाव बसला रे बसला का मान वर. त्याले स्वतःलेही पत्ता लागत नसे. तो म्हणे मी नाई पाह्यलं, आन् आजूबाजूचे पोट्टे हसत.

साहेबानं कुठंतरी वाचलं होतं का टोपी आन् पट्ट्याले दोरी बांधावी. दसरूजवळ टोपी नाई, पट्टा नाई. होती एक शेंडी आन् कमरेले करदोडा. मी चहा घेऊन गेली आन् पाहतो तं काय, माह्या जवायाची शेंडी सुतळीनं करदोड्याले बांधलेली, आन् सुतळी पाठीच्या बाजूनं नाई, पोटाकडून ताणलेली. मान वर केली का शेंडीले हिसका. मी चहा तिथीच खाली ठेवला. माणसाले असं ढोरावानी बांधतात का? खाणीतले लोक पाळी सुटली का घरी न जाता तमाशा पाह्यले येऊन उभे. एक जण म्हणे, दसरू, दूध किती देतं रे? मी त्याले अशी शिवी दिली का साहेबांनीही मागं वळून पाह्यलं.

घरी येऊन मी दसरूवरच भडकली. म्हटलं, लाज नाई वाटत? तोड ती सुतळी, जाऊ दे ती मुकादमकी चुलीत. वच्छला त्याच्या डोक्याले तेल लावत बसली होती, शेंडीच्या बुडाशी चामडी लाल झाली होती. दसरूनं शेंडीवरून हात फिरवला. मंग म्हणाला, "बाई, हाताले सांगतलं तं हात ऐकते. मान माही ऐकतच नाई. ती अजून बापाचंच ऐकून राह्यली."

मी तेलाची वाटी वच्छलाच्या हाताजवळ सरकवली.

वच्छलानं मात्र त्यातून वाट काढली. आमची वच्छला शिकली नाई, पण जे मनात घेतलं ते सोडत नसे. तिनं तांदळाचे काई दाणे हळदीत घोळले, काई कुंकवात. आमच्या खोल्यांच्या मागं मोकळी जागा होती, तिथी ती सकाळी चेंडू मांडे आन् त्याच्याखाली एक दाणा ठेवे, लाल का पिवळा ते दसरूले दिसू देत नसे. त्यानं मारायचं, आन् चेंडू गेल्यावर रंग सांगायचा. रंग सांगितल्याबिगर मान वर करायची नाई. दाणा उडाला तं शोधून सांगायचा. पहिले कितीक दिवस त्याले दाणा दिसलाच नाई, कारण तो आभाळात पाहत होता. वच्छला चिडली नाई, ओरडली नाई. "पुन्हा," एवढंच म्हणे, आन् वाकून दुसरा दाणा ठेवे.

मंग एक दिवस तो म्हणाला, "पिवळा." वच्छलानं माह्याकडं पाह्यलं. तिचे डोळे भरले होते. त्यानंतर लाल, पिवळा, पिवळा, लाल, असं सुरू झालं, आन् चेंडू सरळ जाऊ लागले.

तिथी ती थांबली नाई. तो मारे तेव्हा ती पाठीमागं थाळी वाजवे, "साप साप" म्हणून ओरडे, दगड भिरकावे. त्यानं मान उचलू नये म्हणून. एक दिवस घार आली आन् शेजारणीच्या कोंबडीचं पिल्लू दसरूच्या डोक्यावरूनच उचलून घेऊन गेली. साऱ्या बाया ओरडल्या, कुत्रे भुंकले, मीही धावली. दसरू काठी धरून जमिनीकडं पाहत होता. म्हणाला, "लाल." मी त्याच्याकडं पाहतच राह्यली. माह्या अंगावर काटा आला, काऊन आला ते मले तेव्हा सांगता आलं नसतं. वच्छलाचा चेहरा मात्र सणासारखा फुलला होता.

डिसेंबरात खेळ झाला. दुसऱ्या खाणीचे साहेब मोटारीतून आले. मैदानावर गवताच्या जागी वाळूत जळकं तेल कालवून गोल थापलेले असतात, त्याच्या मधात खड्डा, आन् त्या खड्ड्यात चेंडू घालायचा. मले खेळातलं काई कळत नाई. मी एवढंच पाह्यलं का लोक टाळ्या पिटत होते, आरडत होते, आन् माहा जवाई मारून झाल्यावरही खाली पाहत उभा राहे, काई पडलेलं शोधत असावा तसा. सारे चेंडूच्या मागं वर पाहत, तो एकटाच खाली. आमची बाजू जिंकली. त्या साहेबांनी विचारलं, हा कोण? गद्रे साहेब छाती फुगवून म्हणाले, आमचा मुकादम. मी पदरानं डोळे पुसले. दसरू पक्का झाला, टिनाच्या छताची खोली भेटली, आन् वच्छलानं महाकालीले एकाऐवजी दोन नारळ फोडले.

संक्रांतीले आम्ही तिघं गावी गेलो. माह्या नवऱ्याले सुट्टी नव्हती. झिंगू वडशाले बंडी घेऊन आला होता. दसरूच्या अंगावर खाणीचा खाकी शर्ट पाहून त्यानं मुद्दाम वाकून रामराम केला, "मुकादम साहेब, पायाची धूळ द्या." रस्ताभर तो त्याले गोल्फाचं विचारत होता. शेंडी बांधल्याचं सांगतलं तं झिंगू बंडीतच लोळला, बैल बुजले. मले आठवते, त्याचे दात पांढरे शुभ्र होते. सारं गाव त्या दिवसांत आमच्या वसरीत येऊन बसे आन् दसरूले म्हणे, दाखव कसं मारतात. तो काठीनं शेणाची गोटी मारून दाखवे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी झिंगूचा नवा जोडीदार बुधू तापानं पडला. कूपात एक मोठं येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड राह्यलं होतं, अर्धं तोडलेलं, आन् ठेकेदाराच्या बंड्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. अर्धं तोडलेलं झाड तसं सोडत नसतात, वाऱ्यानं कोणावरही पडते. झिंगूनं चल म्हटलं नाई, दसरूनंच कुऱ्हाड उचलली. म्हणाला, मी येतो, एक दिवसाचं तं काम.

वच्छला दारात आडवी झाली. म्हणाली, तुमी शपथ घेतली होती. दसरू तिले समजावत होता का आता मी पक्का मुकादम आहो, कूपाचा मजूर नाई, साळ्याच्या मदतीले जातो. पण ती हालली नाई. मंग झिंगूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो धाकटा, पण भाऊ तो भाऊच.

"वच्छी, त्याच्या डोक्यावर मी पायतो," तो म्हणाला. "तू दुपारी शिदोरी घेऊन ये."

तिनं वाट सोडली.

दुपारी आम्ही दोघी निघालो. फडक्यात भाकरी, संग वांग्याची भाजी, तिळाचे लाडू. कूप फार दूर नव्हतं. घावांचा आवाज लांबूनच ऐकू येत होता, ठक, मंग ठक. जोडी चांगली लागली का आवाज असाच येते. वच्छला पुढं होती, मी मागं. मी तिले काईतरी सांगत होती, सासुरवाशिणीच्या गोष्टी, आन् ती एकदम थांबली. मी तिच्यावर आदळली.

समोर झाड होतं. या अंगाले दसरू, त्या अंगाले झिंगू. झिंगूनं घाव घातला आन् त्याची मान वर गेली, दसरूच्या वरची जागा पाहून आली. मंग दसरूनं घाव घातला. त्याची मान खालीच राह्यली. तो घावाकडं पाहत होता, जिथं पातं रुतलं होतं तिथं, शांत, जसा मागच्या जागेत दाण्याकडं पाहे. झिंगूचा घाव. झिंगू वर पाहे. दसरूचा घाव. दसरू खाली.

मले कळायच्या आधी वच्छलाले कळलं होतं. तिचं तोंड उघडं होतं आन् त्यातून आवाज निघत नव्हता. मी तिचा खांदा धरला तं तो लाकडासारखा झाला होता. झिंगूनं कुऱ्हाड उचलली, आन् तेवढ्यात वरची एक वाळली खांदी सुटली. मी ती पाह्यली. ती जड होती, तरी पानाएवढाही आवाज न करता आली.

किती वेळ गेला माहीत नाई. शिदोरी कुठी पडली माहीत नाई. आम्ही पोचलो तेव्हा दसरू खांदी उचलायले पाहत होता, आन् ती एकट्यानं उचलत नव्हती. तिघांनी मिळून बाजूले केली. झिंगू जित्ता होता. डोक्यातून रक्त कानात उतरत होतं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मी कुठल्याही देवाची आण घेऊन सांगतो. त्याले फक्त समजत नव्हतं. एवढी वर्षं जोडीनं तोडलं, असं कधी झालं नव्हतं. तो दसरूकडं पाहून म्हणाला,

"भाऊजी, वर कोन पायत होतं?"

दसरूनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बंडी आणली, दवाखान्यात न्यायचं म्हणून रस्त्याले लागलो, पण पक्की सडक यायच्या आधीच झिंगू गेला. माहा लहान भाऊ. मी त्याले कडेवर घेऊन फिरवलं होतं. आजही मले वाटते का कोणी तरी माह्या छातीवर वीट ठेवली आन् उचलायले विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरणासाठी लाकूड पाह्यजे होतं. घराच्या मागं नाल्याच्या काठी एक वाळलं झाड होतं, तेच तोडायचं ठरलं. आम्ही बाया अंगणात झिंगूजवळ बसल्या होत्या, तिथून ते झाड दिसत होतं. दसरूनं कोणाले विचारलं नाई. कुऱ्हाड घेतली आन् झाडाजवळ गेला. गावातले पाच-सहा जण त्याच्या मागं गेले, पण समोरच्या अंगाले कोणी उभं राह्यलं नाई. कोणी त्याले शिवी दिली नाई, कोणी दोष दिला नाई. फक्त पाय कोणाचे उचलत नव्हते.

त्यानं एकट्यानं घाव घातला. मान वर गेली नाई. दुसरा घातला. नाई गेली. मले वाटलं त्याले पर्वा नाई, आन् माह्या अंगात अशी आग उठली का मी उठून त्याचं नरडं धरलं असतं. मंग मले ऐकू आलं. तो बोलत होता. प्रत्येक घावाले मोठ्यानं बोलत होता, "वर पाय. वर पाय." मानेच्या शिरा दोरासारख्या ताणल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती, आन् डोळे घावालेच चिकटलेले. त्याले वर पाह्यचं होतं. मान ऐकत नव्हती. मी असं काई आयुष्यात पाह्यलं नव्हतं. अंगणातल्या साऱ्या बाया रडायच्या थांबल्या.

वच्छला झिंगूच्या उशापासून उठली. सरणाच्या लाकडाले बाईमाणूस हात लावत नाई, जवळही जात नाई, आमच्याकडं अशी रीत आहे. एका म्हातारीनं तिचा पदर धरला, तो हातातच राह्यला. ती तशीच, मोकळ्या केसांनी, झाडाच्या पलीकडच्या अंगाले गेली. झिंगूची जागा होती तिथी. हातात काई नव्हतं. तिनं दसरूकडं पाह्यलं नाई. मान वर केली आन् झाडाच्या वाळल्या खांद्यांकडं नजर लावली.

"घाल घाव," ती म्हणाली. "मी वर पायतो."

कोणी तिले अडवलं नाई. मीही नाई. झाड पडेस्तोवर ती तशीच वर पाहत उभी होती, आन् गावकऱ्यांनी सरण रचलं तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.